दाराखालच्या पट्ट्या

सोमवार, ता. ४

नोकरी पक्की झाली. प्रमुख बाईंनी सकाळी साडेदहाला माझ्यासमोर कागदावर सही केली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, आजपासून तुमचं नाक आमचं. म्हणजे मी आता या साबणाच्या कारखान्यात वास तपासणारी. आधीच्या कंपनीत नऊ वर्षं हेच केलं, पण तिथे आम्ही सहा जणी होतो. इथे दोघीच, मी आणि बाई. प्रत्येक बॅचचा नमुना कागदाच्या बोटभर पट्टीवर घ्यायचा, टोकाला पेन्सिलने तारीख घालायची, हुंगायचं, लिहायचं. बाईंचा एकच कडक नियम आहे. पहिल्या श्वासात जे कळेल ते लगेच वहीत उतरवा. दुसऱ्या श्वासापासून नाक भिडस्त होतं, म्हणाल्या, आणि पाचव्यापर्यंत सगळ्यांना माफ करून मोकळं.

राहायचाही प्रश्न सुटला. हसरीकडे आले आहे. वसतिगृहात आम्ही चार वर्षं एका खोलीत काढली. तिथेच तिला हे नाव पडलं, कारण नापास झाली तरी ती हसायची. मला कावीळ झाली तेव्हा आईच्या आधी हीच उशाशी येऊन बसली होती. अनोळखी शहरात एकट्या बाईला खोली मिळवताना किती दारं वाजवावी लागतात ते मला माहीत आहे. हसरीने तो प्रश्न एका फोनमध्ये निकालात काढला. नाकाडे, गपचूप माझ्याकडे ये, नाहीतर तुझ्या त्या नाकावर बोका सोडीन, म्हणाली.

घर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे एक अडगळीची खोली. मांजरं चार, सगळी घरातलीच, कधी बाहेर न गेलेली. बोका पिवळा आहे. मोजेवाली काळी, पाय तेवढे पांढरे. आणि राखाडी दोघी बहिणी, थोरली नि धाकटी, इतक्या सारख्या की हसरीचीही गफलत होते. माझ्यासाठी खोली रिकामी करायची म्हणून काल दुपारी तिने आपली सगळी खोकी मागच्या खोलीत नेऊन टाकली. त्या गडबडीत दार ओढलं गेलं, खटक्याचं कुलूप बसलं आणि किल्ली आत खोक्यावरच राहिली. हे सांगताना ती इतकी हसली की मलाही आवरेना. राहू दे गं, तिथे कुणाला जायचंय, म्हणाली.

उंबरा ओलांडताना सवयीने पहिला श्वास टिपला. आहे तसा लिहिते. तीव्र अमोनिया. जुनं मूत. तळाशी ओल्या लोकरीसारखं काहीतरी. लिहिल्यावर लाज वाटली. ज्या घरात पाय पसरायचे त्या घराला नाक मुरडू नये.

बुधवार, ता. ६

कामात रमले. आज लिंबाच्या साबणाची एक बॅच परत पाठवली. तेल किंचित खवट होतं, यंत्राने ते सोडून दिलं असतं. बाई शाबास म्हणाल्या नाहीत, पण चहाचा कप स्वतः माझ्यापुढे सरकवला.

हसरी शिवणयंत्रांच्या कंपनीत आहे. गावोगावच्या दुकानांत जाऊन यंत्र चालवून दाखवते. सकाळी आठला जाते ती रात्री आठला येते, आणि आली की सोफ्यावर आडवी. बोक्याला छातीवर घेते, त्याचे फोटो काढते, त्याच्याशी लाडेलाडे बोलते. चौघांच्या गळ्यात नवे लाल पट्टे आहेत, घुंगरासकट. प्रेमात काही कमी नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचंही लिहायचं आहे.

पाण्याच्या वाडग्याला आतून हिरवट बुळबुळ आली आहे. मोजेवाली वाडग्यातलं पाणी पीतच नाही. मोरीच्या जाळीवर साचलेलं चाटते. वाळूचा ट्रे इतका भरला आहे की मांजरं त्याच्या शेजारी, जमिनीवर बसतात. बोक्याच्या पाठीवर केसांच्या जटा झाल्या आहेत आणि त्या ओढल्या जातात म्हणून तो चालताना कातडी आखडून चालतो. नखं फरशीवर टकटक वाजतात. राखाड्यांपैकी एक सोफ्यामागे बसून पोट चाटत असते, चाटून चाटून तिथली कातडी उघडी पडली आहे. ही थोरली की धाकटी ते कळलं नाही. दोघींना एकत्र अजून पाहिलेलं नाही.

मी वाडगा घासला, ट्रे रिकामा केला. हसरीला ते दिसलं असावं. तिच्या कामाचा व्याप बघता कुणाचंही असंच होईल.

शुक्रवार, ता. ८

माझ्या कपड्यांना वास येतो अशी शंका बाईंनी बोलून दाखवली. घरी मांजरं आहेत, म्हटलं. मांजरांना एवढा वास नसतो, एवढंच म्हणाल्या आणि दुसऱ्या बॅचकडे वळल्या.

हसरीशी बोलायला हवं होतं. वाक्यं बसमध्ये बसून जुळवलीही होती. पण दार उघडून तिने मिठीच मारली. तू आल्यापासून घराला घरपण आलंय गं, म्हणाली. त्यानंतर कुठल्या तोंडाने काढणार तो विषय?

मग मला माझ्या धंद्यातला उपाय सुचला. प्रयोगशाळेत 'सात नंबर' नावाचं तेल आहे. लवंग, संत्र्याची साल आणि एका औषधी झाडाचा अर्क. कच्च्या चरबीचा वास दाबायला वापरतात. थेंबभर टाकलं की खाली काहीही कुजत असो, वर ताजं वाटतं. बाईंना विचारून छोटी बाटली आणली. पट्ट्या भिजवून सोफ्याखाली, ट्रेजवळ, खिडक्यांच्या फटीत लावल्या. अमोनियाचा सगळ्यांत दाट पट्टा मागच्या बंद खोलीच्या दाराखालून येतो. तिथेही एक पट्टी सरकवली.

हसरी आली आणि दारातच डोळे मिटून उभी राहिली. नाकाडे, काय जादू केलीस, म्हणाली. मला फार बरं वाटलं. एक अवघड बोलणं वाचलं, शिवाय कुणी दुखावलं नाही.

शनिवार सकाळ – दाराखालची पट्टी दिसली नाही. वाऱ्याने आत गेली असणार. आज दुसरी लावली.

रविवार, ता. १०

खालच्या मजल्यावर शिंपीकाका राहतात. जिन्यात भेटले. तोंडात टाचण्या धरूनच विचारलं, वरच्या मांजरांनी मौनव्रत घेतलंय का? आधी संध्याकाळ झाली की भुकेने ओरडायची. आता अगदी चिडीचूप आहेत. मी हसून वेळ मारून नेली.

सुट्टी होती म्हणून कात्री घेऊन बोक्याच्या जटा सोडवायला बसले. एका जटेखाली कातडी ओली आणि लाल होती. तिथे बोट लागलं तर तो ओरडलाही नाही, नुसता थरथरला. हसरी बघत होती. मी अगदी सहज म्हटल्यासारखं म्हटलं की एकदा डॉक्टरांना दाखवू या का. तिचं हसू गेलं. सोळा वर्षांत मी तो चेहरा पहिल्यांदा बघितला. तुलाही तसंच वाटतं का, विचारलं तिने. म्हणजे आधी कुणीतरी बोललेलं आहे. माझ्याकडे जीव लावायला दुसरं आहे कोण, म्हणाली, आणि तूही आता मलाच बोल लाव.

मी घाईघाईने माघार घेतली. छे गं, तसं नाही, उन्हाळ्याने होतं असं, वगैरे. उन्हाळा नाही आहे.

राखाडी दोघी कुठे असतात ते विचारलं. तिने मान न वळवता कपाटाकडे बोट केलं. वर एक होती. दुसरी असेल तिथेच कुठेतरी, म्हणाली. मागच्या खोलीतून खरखर आल्यासारखी वाटली तीही सांगितली. तिथल्या बेसिनचा नळ गळतो, पाइप वाजतो, म्हणाली.

दाराखाली रोज दोन पट्ट्या सरकवते. रोज त्या आत जातात.

मंगळवार, ता. १२

आज माझ्या हातून खवट बॅच सुटली. बाईंनी पकडली. रागावल्या नाहीत, माझ्यासमोर तीन पट्ट्या धरून वेगळी कुठली ते विचारलं. तिन्ही सारख्या वाटल्या. तुम्ही रात्रभर काय हुंगता घरी, म्हणाल्या. आठ दिवस रजा घेतलीत तरी चालेल, पण आधी ते घर तरी धुवा.

घरी आले, उंबऱ्यात थांबले, श्वास घेतला. काहीच आलं नाही. पहिल्या दिवशी जे भपकन आलं होतं ते सगळं तिथेच असणार, कारण ट्रे पुन्हा भरला होता. गेलं होतं ते माझं नाक.

मागच्या दाराशी बसून नवी पट्टी सरकवली. या वेळी टोक चिमटीत धरून ठेवलं होतं, का कोण जाणे. खिडक्या बंद, वारा नाही.

पट्टी ओढली गेली.

हलकेच, पण ठाम. मी सोडली नाही तर दुसऱ्यांदा ओढली. माझ्या हातात अर्धी राहिली. फाटलेली कड ओली होती. आत एकदा किण् झालं.

सोफ्यामागच्या राखाडीचं घुंगरू असेल. असं मी स्वतःला सांगितलं.

बुधवार, ता. १३

काल पहिल्या श्वासात मला कळलं होतं. हे इथे लिहून ठेवते. कळलं नव्हतं असं पुढे कुणाला सांगता येऊ नये म्हणून. पाचव्या श्वासापर्यंत मी त्याचा उंदीर केला होता.

हसरीला उंदराचंच सांगितलं. उंदीर असता तर माझ्या वाघांनी दार कुरतडलं असतं, म्हणाली आणि कपडे भरायला लागली. उद्या पहाटे प्रदर्शनासाठी परगावी जायचं आहे, रविवारी येईल. माझ्या लेकरांकडे बघ हं मावशी, म्हणाली. मी हो म्हटलं.

दोन्ही राखाड्या समोर आणून दाखव, एवढं म्हणायचं होतं. पाच शब्द. तिची बॅग भरताना मी तिचे मोजे जोडून दिले.

बोक्याच्या तोंडातून लाळ गळते आहे.

आजही पट्टी लावली. सवयीने. लावून झाल्यावर कळलं मी काय केलं ते.

गुरुवार, ता. १४

सकाळी मोजेवाली सोफ्यावर चढताना पडली. पुन्हा चढली, पुन्हा पडली. मागचे पाय तिचे नसल्यासारखे. बोका लाळेच्या थारोळ्यात. पुस्तकांच्या खोक्यात तिघांना घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी बोक्याचा पंजा हुंगला आणि लगेच विचारलं, घरात कुठलं तेल वापरता. मी बाटली दाखवली. त्यांनी ती दोन बोटांत धरून टेबलाच्या पार टोकाला ठेवली. ही तेलं मांजराच्या यकृताला पचत नाहीत, म्हणाल्या. हवेतलं अंगावर बसतं, पंजांना लागतं, आणि मांजर ते चाटून साफ करतं. तुम्ही त्यांना रोज थोडं थोडं विष पाजत होता.

मग नखं बघितली. मोजेवालीचं एक नख वळून पायाच्या गादीत रुतलं होतं. हे आठवड्याभराचं काम नाही, महिन्यांचं आहे, म्हणाल्या. घरात आणखी कोण राहतं? तुम्हाला दिसलं नाही?

मी म्हटलं, मी नुकतीच आले आहे.

तिघांना सलाइन लावलं. पट्टे काढून माझ्या हातात दिले. ते पर्समध्ये टाकले. कागदावर 'घरातील एकूण मांजरे' असा रकाना होता. मी चार लिहिलं. त्यांनी कागद बघितला, टेबल बघितलं. चौथं?

संध्याकाळ – सगळं घर उपसलं. कपाटावर, पलंगाखाली, हसरीच्या शिवणयंत्राच्या मागे. राखाडी एकच होती. पहिल्यापासून एकच होती. खोकी हलवली त्या दुपारी दुसरी त्यांच्यामागून आत गेली असणार. माझ्यासाठी खोली रिकामी करताना.

अकरा पट्ट्या. भुकेलेल्या जिवाने दाराखालून येईल ते ओढून घेतलं. आणि मी तिला कागद वाढत होते. तेलात भिजवलेला.

शुक्रवार, ता. १५

किल्लीवाल्याला सकाळी फोन केला. तासाभरात येतो म्हणाला.

मग हसरीला सांगितलं. सांगायला तर हवंच होतं. ती आधी हसली, थोरली लाजरी आहे, दडून बसली असेल. मग हसायची थांबली. घरमालकाला कळलं तर मला बाहेर काढेल, म्हणाली. दार फोडू नकोस. रविवारी मी येते, मग बघू. माझ्याच घरात राहून माझंच दार फोडणार का गं तू?

मी किल्लीवाल्याला परत फोन करून नको म्हणून सांगितलं.

हे मी केलं. कुणी माझा हात धरला नव्हता.

कारखान्यात गेले. पट्ट्यांचा खण उघडला आणि आतून किण्. बंद केला. पुन्हा किण्. बाईंना ऐकू आलं नाही. पर्समध्ये तीन पट्टे आहेत, त्यांचंच असेल – पण पर्स तर खाली कपाटात होती.

दवाखान्यातून फोन. राखाडी उठून बसली. बोका अजून नाही. चौथीचं काय झालं, विचारलं. त्या खोलीत नळ गळतो, हे मी सांगितलं. मग अजून आशा आहे, पण मिळेल त्या क्षणी आणा, म्हणाल्या. तासातासाने फरक पडतो. मी बरं म्हटलं.

घरी आले. घरात एकही मांजर नाही. तरी स्वयंपाकघराच्या दारावर, खालच्या बाजूला, खरखर झाली. उघडलं. कुणी नाही. मग माझ्या खोलीच्या दारावर. मग न्हाणीच्या.

मागच्या दारावर मात्र नाही. तिथे आज काहीच –

शनिवार, ता. १६

सात. किल्लीवाल्याला पुन्हा फोन. काल नको, आज घाई, तुमचं एक काय ते ठरवा, म्हणाला. मग माझा आवाज ऐकून, दहाला येतो म्हणाला. आधीच्या कामावरून निघता येत नाही. त्याआधी दुसरा कुणी मिळतो का बघितलं. नाही.

आठ. बशी दाराखालून जात नाही. कापसाचे बोळे पाण्यात भिजवून आत ढकलले. पेन्सिलीने पुढे सरकवले. कुणी ओढले नाहीत. पेन्सिलही धरून ठेवली, बराच वेळ. ओढ, म्हटलं. ओढ गं.

हाका मारते आहे. थोरले. थोरले. या घरात आल्यापासून तिला नावाने एकदाही –

नऊ. पालथी पडून फटीशी नाक लावलं. एक श्वास. दहा. वीस. लवंग. नुसती लवंग. जिवंत जनावराचा वास वेगळा असतो आणि दुसरा वेगळा. कुणालाही कळतो. माझं तर पोट त्यावर आहे. मला सांगता येत नाही –

साडेनऊ. किण्. पर्समधले पट्टे काढून गादीखाली दाबले. वर बसले. किण्. आतून की – आतून असू दे. आतूनच असू दे.

हसरीचा फोन वाजतोय. घेत नाही. पुन्हा वाजतोय.

दहा. आला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबला. खिशातून रुमाल काढून नाकाला बांधला. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याला येतोय. कसला येतोय ते विचारायचं धाडस झालं नाही.

आत कोण आहे, विचारलं त्याने. मांजर, म्हटलं. किती दिवस? मला बोटांवर मोजावं लागलं. तेरा.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. खाली बसला.

दवाखान्यात टेबल मोकळं ठेवलं आहे. रिक्षा खाली उभी आहे. टॉवेल मांडीवर आहे, टॉवेलावर ही वही. हात थांबला तर उठून पळून जाईन, म्हणून लिहिते आहे. कुलपात तार गेली. दोन मिनिटांचं काम आहे, म्हणतो. दार उघडलं की तो आधी आत बघेल. मग वळून माझ्याकडे. रुमालाच्या वर त्याचे डोळे दिसतील, आणि त्यावरून मला कळेल की ती –